गाडी उताराला लावणारा बुधाजी

सोनिवलीच्या बुधाजीला राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणायचे. हे साफ खोटं. कारण दर वेळी असायचं, आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे कोणीतरी शहाणा माणूस असायचा.

लढाईच्या दिवसांत कल्याणच्या लष्करी छावणीत तो गाड्या धुवायला लागला आणि हवालदाराच्या शिव्या खात खात ड्रायव्हर झाला. लढाई संपली. छावणीच्या बराकींत सिंधहून आलेली माणसं संसार मांडून बसली, छावणीचं उल्हासनगर झालं. लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांमधली एक रुग्णवाहिका बदलापूर गावातल्या एका सेवा मंडळानं घेतली. तिचा फिरता दवाखाना करायचं ठरलं, आणि तिला हात लावायला तयार असलेला एकच माणूस सापडला. तो बुधाजी. चौपन्न सालच्या पौषात या गोष्टीला दोन वर्षं पुरी झाली.

महिन्यातले वीस दिवस ती गाडी बारवीच्या खोऱ्यातल्या आणि वांगणीच्या डोंगराकडच्या पाड्यांवर असायची. गाडीची माणसं दोनच: बुधाजी आणि अंबरनाथच्या नर्स सुहासिनीताई. चाळिशी उलटलेल्या, नवरा नाही, मूल नाही, बोलणं मोजकं. रात्री त्या आत रोग्याच्या फळीवर झोपायच्या, सोबतीला पाड्यातली एखादी म्हातारी. बुधाजी बाहेर ताडपत्रीवर. तेच घर, तोच दवाखाना, तेच स्वयंपाकघर.

अशा घरात राहायचं तर कसं राहायचं, हे बुधाजीनं ठरवून टाकलं होतं आणि त्यात कोणाचं काही चालत नसे. पाड्यावर पोहोचलं की पहिलं पाणी रेडिएटरचं, चहाचं नंतर. तेही धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून, कारण ओढ्याचा गाळ माणसाच्या पोटात गेला तर निघतो, रेडिएटरमधून निघत नाही. स्टोव्ह गाडीत पेटवायचा नाही, बाहेर पाऊस असला तरी नाही. नाला आला की आधी गाडी थांबवायची, खाली उतरून आपण पायानं पाणी ओलांडायचं, कुठे खडक आहे नि कुठे चिखल हे तळपायाला कळलं की मग गाडी घालायची. नदीच्या पात्रात कितीही गार वाटलं तरी मुक्काम करायचा नाही. प्रत्येक वस्तूला एक जागा, आणि ती अंधारात हाताला लागली पाहिजे. सीटखाली एक लोखंडी पेटी होती. तिच्यात इंजिन फिरवायचं हँडल, दोरखंड, लाकडी ठोकळे, पाने, तार. त्या पेटीला सुहासिनीताईसुद्धा हात लावत नसत.

एकदाच त्यांनी ओलं लुगडं गरम बॉनेटवर वाळत घातलं होतं. बुधाजी एवढा भडकला की दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यानंच गाडीच्या दाराच्या कडीपासून सागाच्या झाडापर्यंत दोरी बांधली, घट्ट ओढून पाहिली, आणि निघून गेला.

पण सगळ्यांत मोठा नियम गाडी लावण्याचा. गाडीचा सेल्फ, म्हणजे दाबून इंजिन सुरू करायचा स्टार्टर, केव्हाच म्हातारा झाला होता. बॅटरी भरलेली असली तर उचलायचा, नसली तर नुसता कण्हायचा. म्हणून बुधाजी गाडी कायम उताराला लावायचा, तोंड बदलापूरच्या वाटेकडे करून, पुढच्या चाकाला धोंडा. निघताना धोंडा काढायचा, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन धडधडायला लागायचं. त्यासाठी तो पाड्यापासून अर्धा फर्लांग लांब राहायला तयार असायचा, पण सपाटीला नाही म्हणजे नाही. लोक हसायचे. हसू देत, म्हणायचा. "माणूस मरायला टेकला, की गाडी सुरू व्हायची वाट बगंल काय तो?"

आता चिटणिसांकडे यायला हवं. मंडळाचे चिटणीस चिंतामणराव हे सज्जन गृहस्थ होते, असं सगळे सांगतात, आणि इथेच खरी चीड येते. ते दुष्ट असते तर एक वेळ परवडलं असतं. त्यांना फक्त समारंभ आवडायचे. दोन वर्षांत गाडीनं किती बायका सुखरूप बाळंत केल्या हे त्यांना विचारलं तर वही पाहावी लागली असती. पण कुठल्या पाहुण्याच्या गळ्यात कसला हार पडला, हे तोंडपाठ. दवाखान्याचा दुसरा वाढदिवस करंजपाड्यावर करायचा, प्रत्यक्ष कामाच्या जागी, मुंबईचे पाहुणे बोलवायचे, लाउडस्पीकर लावायचा, असं त्यांनी ठरवलं.

त्या दिवशी सकाळी बदलापुरात बुधाजी स्टेशनवर पाहुण्यांचं सामान आणायला गेला. तो परत येईपर्यंत चिटणिसांच्या माणसांनी गाडीत खुर्च्या भरल्या होत्या. "चला, चला, उशीर होतोय," असं चारी बाजूंनी सुरू होतं. बुधाजीनं सीटखाली वाकून पाहिलं नाही. दोन वर्षांत प्रथमच पाहिलं नाही. ही चूक त्याची, आणि ती त्यानं पुढे कधी नाकारली नाही.

करंजपाड्यावर गाडी नेहमीच्या उताराला लागली. चिंतामणराव मागून आपल्या काळ्या मोटारीतून पाहुण्यांसह आले, खाली उतरले, आणि म्हणाले, "बुधाजी, गाडी इथे कशी? खळ्यात घे, मांडवासमोर. गाडीवरची दवाखान्याची पाटी फोटोत आली पाहिजे."

"साहेब, खळं सपाट हाये. बॅटरी नाय धड."

"अरे, एक दिवस!"

"एक दिवस तिला ठावं नसतं, साहेब."

पाहुणे हसले. चिंतामणरावांना ते हसणं आपल्यावर आहे असं वाटलं. त्यांनी आवाज चढवला, आणि गाडी खळ्यात आली. सारवलेल्या, फरशीसारख्या सपाट खळ्यात. मग लाउडस्पीकरच्या तारा आल्या, पाटीभोवतीची दिव्यांची माळ आली, आणि ते सगळं जोडलं गेलं गाडीच्या बॅटरीला. भर दुपारी दिवे! बुधाजी दात-ओठ खात मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

एवढ्यात सुहासिनीताई धाकलूच्या झोपडीतून बाहेर आल्या. धाकलूची बायको जिवली पहाटेपासून अडली होती. ताईंनी तिला तपासलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"मूल आडवं आहे," त्या चिटणिसांना म्हणाल्या. "इथे माझ्या हातून होणार नाही. कल्याणच्या इस्पितळात न्यायला हवं. आत्ता."

चिंतामणरावांनी घड्याळ पाहिलं. "ताई, गाडीचाच वाढदिवस, आणि गाडीच नाही? पाहुण्यांना काय सांगू? अर्ध्या तासात आटपतो. तुम्ही तिला तयार करा."

ताई मोठ्यानं बोलणाऱ्या नव्हत्या. बुधाजी होता. "अर्धा तास म्हंजे अर्धा तासच, साहेब," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मी उभा हाये हितं."

अर्ध्या तासात स्वागत आणि प्रास्ताविक झालं. त्यानंतर अहवाल. मग पाहुणे उठले आणि ग्रामीण भगिनींच्या आरोग्यावर बोलायला लागले. पन्नास पावलांवर एक ग्रामीण भगिनी झोपडीच्या आढ्याला बांधलेली दोरी धरून ओरडत होती, आणि लाउडस्पीकर एवढा दणदणीत की ते कोणाला ऐकू येऊ नये. बुधाजी दोनदा मांडवात शिरला. पहिल्यांदा चिंतामणरावांनी हातानं थांब अशी खूण केली. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा बुधाजीनं सरळ जाऊन तार उपटली, तेव्हा भाषण सुरू होऊन पाऊण तास झाला होता. लाउडस्पीकर तोवर तसाही घोगरा झाला होता.

जिवलीला फळीवर ठेवलं. बुधाजीनं सेल्फ दाबला. गाडी एकदा कण्हली. दुसऱ्यांदा तेवढंही नाही.

त्यानं सीटखालची पेटी ओढली. ती हलकी लागली. आत एक फडकं होतं. बाकी सगळं भंगार म्हणून बदलापूरच्या शेडमध्ये टाकलेलं, खुर्च्यांना जागा हवी म्हणून. बुधाजीनं जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही, आणि तिच्यातली अर्धी त्यानं स्वतःला दिली होती.

पाड्यातले झाडून सगळे पुरुष गाडीला भिडले. धाकलू सगळ्यांत पुढे, कपाळाची शीर फुगलेली. "हय्या रे" करत त्यांनी गाडी खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलली, मग मागे आणली, पुन्हा ढकलली. सपाटीला वेग येत नाही, आणि नेहमीचा उतार खळ्याच्या वरच्या अंगाला, तिथवरचा चढ गाडी ढकलून चढेना. इंजिन एकदा शिंकलं नि गप्प झालं. पाहुणे मंडळी धुरळा उडतो म्हणून धोतराचे सोगे सावरत बाजूला झाली. एकानंही हात लावला नाही.

"साहेब, तुमची मोटार द्या," बुधाजी म्हणाला.

"त्यात ती आडवी कशी मावेल? आणि पाहुण्यांची पाच बावन्नची आगगाडी आहे," चिंतामणराव म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. "आपण दुसरी काहीतरी सोय पाहू. बैलगाडी..."

बुधाजीनं पुढचं ऐकलंच नाही. त्या काळ्या मोटारीचं कामही तोच करायचा. तिची बॅटरी आपल्या गाडीला चालते हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मोटारीच्या डिकीतून पाना काढला, पुढचं झाकण उघडलं आणि बॅटरीचे बोल्ट सोडवायला लागला.

"बुधाजी! ही चोरी आहे!"

"व्हय," बुधाजी मान वर न करता म्हणाला.

दहा मिनिटांत बॅटरी गाडीत बसली. सेल्फ फिरला, इंजिन धडधडलं. मुंबईचे पाहुणे, चिटणीस आणि हारांच्या टोपल्या खळ्यात सोडून गाडी निघाली. त्यांना रात्री बैलगाडीनं बदलापूर गाठावं लागलं म्हणतात. त्याचं कोणाला काय?

त्या वाटेवर बुधाजीनं नाला पायानं पाहिला नाही. बदलापूर गेलं, अंबरनाथच्या कारखान्याची भिंत गेली, उल्हासनगरात संध्याकाळच्या बाजाराची गर्दी होती, ती हॉर्नवर हात ठेवून कापली. मागे जिवलीचं ओरडणं बारीक होत गेलं. ते थांबल्यावर ताईंनी आतून खिडकीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "हळू नका चालवू."

जिवली वाचली. मुलगी होती, ती गेलेलीच बाहेर आली. इस्पितळातले डॉक्टर तरुण होते, हात धूत म्हणाले, "तासभर आधी आणायचं होतंत हो. हृदय आत्ताआत्तापर्यंत चालू असणार." बोलून ते दुसऱ्या रोग्याकडे गेले. धाकलूनं बुधाजीला विचारलं, "दादा, काय म्हनला डागतर?" बुधाजी त्याला दंडाला धरून जिवलीच्या खाटेकडे घेऊन गेला.

पाचव्या दिवशी मंडळाच्या कचेरीत त्याला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. चिंतामणरावांनी तो स्वतः वाचून दाखवला. मी मंडळाच्या चिटणिसांच्या मोटारीची बॅटरी परवानगीशिवाय काढली, समारंभात व्यत्यय आणला, सन्माननीय पाहुण्यांची गैरसोय केली, याबद्दल मी बिनशर्त माफी मागतो.

"सही कर, विषय संपला," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "नाही केलीस तर कार्यकारिणी तुला ठेवणार नाही. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत दवाखाना बंद ठेवावा लागेल."

दुसरा ड्रायव्हर मिळणार नव्हता. ती गाडी आणि त्या वाटा, दोन्ही कोणाला नको होत्या. सुहासिनीताई दाराशी उभ्या होत्या. मोहाच्या पाड्यावर दोन बायका दिवस भरलेल्या आहेत, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. बुधाजी कागद फाडणार, टेबल उलथणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"पेन द्या," तो म्हणाला.

चिंतामणरावांनी हसून पेन दिलं. बुधाजीनं कागद जवळ ओढला. तो मराठी तिसरीपर्यंत शिकलेला. टाइप केलेल्या ओळी संपत होत्या तिथे, सहीच्या जागेच्या वर, त्यानं पेन टेकवलं आणि एकेक अक्षर दाबून, कोरल्यासारखं लिहायला लागला.

"अरे, काय लिहितोयस? नुसती सही कर."

तो लिहीत राहिला. जिवली धाकलू, करंजपाडा. हिची मुलगी भाषण चालू होतं म्हणून मेली.

मग त्याच्याखाली त्यानं सही केली, आणि कागद चिटणिसांकडे सरकवला.

"घ्या, मागितली माफी," तो म्हणाला. "आता ह्याच्याखाली तुमी सही करा."

चिंतामणराव त्या ओळीकडे पाहत बसले. बुधाजी तसाच उभा राहिला, पेन त्यांच्यापुढे धरून.