जिंतूरच्या मुक्कामाचा उरलेला भाग

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे – पण अर्धीच. जिंतूरच्या बसस्टँडवर आले की मी थांबते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, संपली. त्यापुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या मैत्रिणीला माझं सगळं ठाऊक असतं तिलाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे? नीटसं सांगता येणार नाही. पण सांगते.

आधी नेहमीची अर्धी.

मी तेव्हा तिशीत होते. पुण्यातली नोकरी सोडली होती आणि एकटीच एसटीनं मराठवाडा फिरत होते. फिरणाऱ्यांना आपल्या घरी फुकट उतरवून घेणाऱ्या लोकांचं एक संकेतस्थळ असतं. आज तुम्ही कुणाकडे राहा, उद्या दुसरा कुणी तुमच्याकडे राहील, असा सगळा व्यवहार. जिंतूरमध्ये त्यावर एकच नाव होतं. गौतम सर, शाळेत भूगोल शिकवणारे. मी संदेश पाठवला आणि पाच-दहा मिनिटांत उत्तर आलं – ‘या. किती दिवस राहता ते इथं आल्यावर ठरवा.’

तीन खोल्यांचं घर. सर, त्यांच्या बायको सुनंदाताई आणि सहावीतली मुलगी प्रज्ञा. दारातून आत गेलं की समोर बुद्धाची लहानशी मूर्ती. घरातला एकुलता एक पलंग त्यांनी मला दिला आणि तिघं खाली झोपली. मी नको नको म्हणाले तर सुनंदाताई म्हणाल्या, “तुमी प्रवासाच्या. आमी काय, रोजचेच हाव इथं.”

मला दमा आहे. मी तो सांगितला नव्हता. पहिल्या संध्याकाळी मिरच्या भाजायला लागल्यावर मला खोकला आला, आणि सुनंदाताईंनी लगेच तवा उचलला, मागच्या अंगणात विटा मांडून चूल केली आणि ठेचा तिथं केला. मी होते तोवर घरात फोडणीसुद्धा पडली नाही. येसराची आमटी, भाकरी, अंबाडीची भाजी – सगळं अंगणातल्या चुलीवर. धूर त्या खात होत्या, मी आत बसून प्रज्ञाशी पत्ते खेळत होते.

मी सरांना विचारलं, तुम्ही हे का करता? अनोळखी माणसं घरात घेता, भीती नाही वाटत?

सर हसले. म्हणाले, “माझे वडील बाजाराला, कामाला गावोगाव चालत जायचे. संध्याकाळ झाली की त्यांना कुन्या घरी मुक्काम मागता येत न्हवता. देवळाच्या ओट्यावर बी न्हाई. गावाबाहेर, झाडाखाली. मी नोकरीला लागलो तवा ठरवलं – आपल्या घरी कुनीबी यावं. कोन हाय, कुठलं हाय, ते विचारायचंच न्हाई.”

एवढं बोलून ते प्रज्ञाच्या वहीवर कव्हर घालायला बसले. त्यात कडवटपणा नव्हता. मला ते आजही आठवतं – किती साधेपणानं सांगितलं होतं त्यांनी.

निघाले त्या सकाळी तिघंही मला सोडायला बसस्टँडवर आली. सुनंदाताईंनी खिडकीतून माझा हात धरला, बस हलेपर्यंत. माझी नेहमीची गोष्ट इथं संपते. पुण्यात फिरस्त्यांचे मेळावे भरतात, तिथं मी ती कितीदा सांगितली असेल! लोकांचे डोळे भरून येतात. माझेही येतात. खोटं नाही ते.

आता उरलेली.

मी तिथून पाथरीच्या अलीकडच्या एका गावी गेले. माझ्या एका मैत्रिणीच्या मावशीचं घर होतं तिथं. शेती मोठी, अंगण मोठं, मावशीला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी मला पोटच्या लेकीसारखं जवळ घेतलं. पायावर पाणी घातलं, गरम दूध दिलं, आणि शेजारी बसून विचारलं, “जिंतूरला कुनाकडं उतरली होतीस? आडनाव काय त्यांचं?”

एवढाच प्रश्न. पण तो कशासाठी आहे हे मला कळलं – तुम्हालाही कळलं असेल. खरं सांगितलं असतं तर अक्कांनी मला घराबाहेर काढलं असतं का? मुळीच नाही. फार तर क्षणभर गप्प झाल्या असत्या. तेवढं गप्प होणंसुद्धा मला नको होतं. मी म्हणाले, “लॉजवर होते.”

इतकं सहज निघालं तोंडातून! कुठं अडखळले नाही. दूध पीत राहिले.

कापूस वेचणीचे दिवस होते. अक्कांच्या घरातली एक खोली कापसानं छतापर्यंत भरलेली, सगळीकडे त्याची बारीक धूळ. दुसऱ्या दिवशी माझा श्वास लागायला लागला आणि पिशवी उपसली तेव्हा कळलं, माझा दम्याचा पंप जिंतूरलाच राहिला. मी सरांना फोन केला. त्यांना तो उशीखाली सापडलेलाच होता, तेच मला फोन करणार होते.

“पाथरीला मिळंल न मिळंल, रविवार हाय. मी आनतो की गाडीवर. तुमी बोलू नका जास्त, दम लागायलाय तुमाला.”

मी गावाचं नाव सांगितलं. आणि म्हणाले – हे नीट ऐका – म्हणाले, “घरापर्यंत येऊ नका, फाट्यावर थांबा. मी येते तिथं.” त्यांना वाटलं असेल, मला संकोच वाटतोय. मला संकोच नव्हता. मला त्यांना अक्कांच्या नजरेस पडू द्यायचं नव्हतं. म्हणजे तोंडातून चुकून निघालेलं खोटं नव्हतं ते. मी त्याची व्यवस्था लावत होते.

ते फाट्यावर थांबले नाहीत. दम लागलेल्या बाईला उन्हात चालत कसं बोलवायचं, म्हणून गावात विचारत विचारत थेट दारात आले. मी अक्कांबरोबर ओट्यावर बसले होते. मोटरसायकल थांबली. मागून सुनंदाताई उतरल्या, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून डब्याचा आकार दिसत होता. इतक्या लांब, खड्ड्यांच्या रस्त्यानं, दोघं. सर हसत हसत पायरीपर्यंत आले.

“कोन पावनं?” अक्कांनी मला विचारलं.

आणि सर काही बोलायच्या आत मी बोलले. “बसमध्ये भेटले होते हे. माझं औषध चुकून यांच्या पिशवीत गेलं होतं.”

सरांचा एक पाय पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला.

किती वेळ गेला असेल? काहीच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, ओट्याकडे, अंगणाकडे – आणि त्यांना सगळं समजलं. समजायला त्यांना काय लागणार होतं? जन्मभर तेच वाचत आलेला माणूस. मला उघडं पाडायला एक वाक्य पुरलं असतं. ते म्हणाले, “हौ. गर्दी होती बसला. आमच्यात आलं चुकून.” आणि खिशातून पंप काढून माझ्या हातात दिला.

सुनंदाताईंनी डब्याची पिशवी पदराआड घेतली.

अक्का वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, “येवढ्या लांबून आलाव, चहा घेऊन जावा. आडनाव काय म्हनायचं तुमचं?”

सरांनी आडनाव सांगितलं. सरळ, स्वच्छ, वर्गात हजेरी घेताना घेतात तसं. माझ्यासाठी ते खोटं बोलले होते, पण स्वतःसाठी बोलले नाहीत. मी हे पुढं कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. त्या अंगणात आम्ही दोघंही थोडं थोडं खोटं बोललो असं म्हणून स्वतःला सोडवू पाहिलं. पण दोन्ही खोटी सारखी नव्हती. त्यांचं मला वाचवायला होतं. माझं कुणाला वाचवायला होतं?

चहा आला. अक्कांना आणि मला कपबशीतून. त्यांना कागदी कपातून, अंगणातच, बाजेवर. मी पाहिलं. तेव्हा तरी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसता आलं असतं. उठले नाही. चहा प्याले.

सरांनी चहा पूर्ण संपवला, छान झालाय म्हणाले, दोन्ही रिकामे कप स्वतःच उचलून घेतले. जाताना सुनंदाताई वळून म्हणाल्या, “आज दोनदा घ्या पंप, मॅडम.”

त्यांच्या घरी मी ताई होते.

गाडी गेल्यावर अक्का म्हणाल्या, “चांगली मान्सं हायत गं. कोन येतंय येवढं?” मी हो म्हणाले.

मला वाटलं, आता सरांशी संबंध संपला. रात्री संदेश आला – श्वास कसा आहे, कापसाच्या खोलीपासून लांब झोपा. एवढाच. आणि काही दिवसांनी त्या संकेतस्थळावर, जिथं यजमान पाहुण्याबद्दल लिहितात, तिथं त्यांनी माझ्याबद्दल लिहिलं. घरच्यासारख्या राहिल्या, मुलीला लळा लागला, यांना कुणीही निर्धास्त घरात घ्यावं, असं. मी ते वाचलं आणि काढून टाका असं कळवलं नाही. पुढं कितीतरी वर्षं, डोंगरात, समुद्रकाठी, कुठल्या कुठल्या गावांत अनोळखी लोकांनी माझ्यासाठी दारं उघडली ती तेच वाचून. मी त्यांच्या शब्दावर जग फिरले.

गेल्या वर्षी प्रज्ञाला पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाला. सरांचा फोन आला, मी आग्रहानं घरीच उतरायला बोलावलं. तिघंही आली. सरांचे केस पांढरे झालेत. सुनंदाताईंनी आल्या आल्या विचारलं, दमा कसा आहे. मी ठरवलं होतं, जेवणं झाली की बोलायचं. माफी मागायची.

जेवताना प्रज्ञा माझ्या नवऱ्याला जुनी गंमत सांगायला लागली. “काकूंचं औषध आमच्याकडं राहिलं होतं ना, तर मम्मी-पप्पा गाडीवर द्यायला गेले होते. मम्मीनं घाईघाईत धपाटे केले. आनि संध्याकाळी डबा जसाच्या तसा वापस! पप्पा म्हणले, औषध एकाजवळ पाठवून दिलं, पन काकूंची भेट झालीच न्हाई. त्या आधीच पुढं निघाल्या होत्या.”

मी सरांकडे पाहिलं. ते भाकरी मोडत होते. सुनंदाताईंनी माझ्या नवऱ्याला भाजी वाढली. इतकी वर्षं त्यांनी स्वतःच्या लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिच्या मनातली ती पाहुणी, जिच्याशी ती पत्ते खेळली होती, तिला त्यांनी जशीच्या तशी ठेवली होती.

“हो ना काकू?” प्रज्ञानं विचारलं.

ताटं समोर होती, सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायला याहून सोपी वेळ कधी येणार होती? मी म्हणाले, “हो. लवकर निघाले मी त्या दिवशी.”

सकाळी तिघंही प्रज्ञाच्या वसतिगृहाकडे गेली. मी माफी मागितली नाही.

मी लवकर निघाले नव्हते. ती दोघं आली तेव्हा मी त्या ओट्यावरच बसले होते, आणि मी त्यांना ओळखत होते.