मी आयोला बाई होऊ दिलं

शनिवारी दुपारी बेल वाजली. मी जिन्यावरून उतरेपर्यंत आयोने दार उघडलं होतं.

आयो म्हणजे माझी आई. आम्ही संताळ आदिवासी, आमच्यात आईला आयो म्हणतात. झारखंडातल्या दुमक्याकडच्या आमच्या गावाहून निघून महिन्याभरापूर्वीच ती माझ्याकडे इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला आली होती.

दारात वहिनी उभ्या होत्या. मी ज्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी. इथली काही मराठी घरं मिळून आम्ही सणवार करतो, त्याला सगळे मंडळ म्हणतात. मंडळाचे कार्यक्रम वहिनीच बसवतात.

आयोने त्यांना बघितलं आणि आत गेली. काशाचा तांब्या पाण्याने भरून आणला. दोन्ही हातांनी पुढे धरला, कमरेत वाकली. म्हणाली, जोहार. आमच्याकडे पाहुणा आला की आधी हे. पाणी, मग नमस्कार, मग बोलणं. तो तांब्या तिने साडीत गुंडाळून विमानातून आणला होता.

वहिनींनी तांब्याला हात लावला नाही. आयोच्या हातांवरच्या गोंदणाकडे बघितलं. मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे.

"बाई ठेवलीस? इथे? हिला व्हिसा कसा मिळाला गं?"

माझ्या हातात धुतलेल्या कपड्यांची बास्केट होती. ती मी घट्ट धरली.

"इराला सांभाळायला आलीये," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. इरा माझी सहा वर्षांची मुलगी, आणि आयो तिला सांभाळायलाच आली होती. मी फक्त एक शब्द गाळला. आई.

"छान ट्रेन केलीयेस," वहिनी म्हणाल्या. अंगातला कोट काढला आणि आयोपुढे धरला. आयोने तांब्या खाली जमिनीवर ठेवला. कोट घेतला. खुंटीला लावला.

मग वहिनी तासभर बसल्या. मी चहा केला. आयो किचनमध्ये उभी राहिली. बसली नाही. मी तिला बस म्हटलं नाही.

त्या गेल्यावर मी स्वतःची समजूत घातली की आयोला काही कळलं नसेल. किती सोयीची समजूत. गावी परतण्याआधी तीस वर्षं ती चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत राहिली. बाजार मराठीत केला. शेजारणींशी मराठीत भांडली. माझ्याशी मात्र ती कायम संताळीतच बोलायची, म्हणून तिला मराठी येतं हेच मी विसरून टाकलं होतं.

संध्याकाळी तांदूळ निवडताना ती संताळीत म्हणाली, "इथं मी कोण आहे ते सांगून ठेव. म्हणजे मी तसं वागेन."

मी कुकर लावला.

नवरा घरी आल्यावर त्याला सांगितलं. तो मराठी. गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. तो म्हणाला, त्यात काय, सांगून टाकायचं होतंस की आई आहे म्हणून. त्याला हे फार सोपं वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी देवळात वहिनी भेटल्या, तेव्हा त्यानेही सांगितलं नाही.

मी अशी का झाले, ते सांगते. सबब म्हणून सांगत नाही.

बाबा गावाहून चंद्रपूरला खाणीत आले, कारण गावच्या जमिनीत चौघा भावांचं भागत नव्हतं. गावाकडे आयो साल झाडाच्या पानांच्या पत्रावळी लावायची, मोहाची फुलं वेचायची. इकडे साल नव्हता. ती पळसाची पानं आणून बोटं चालवत राहिली. बाबा खाली कोळशात, आयो वर पानांत. माझी शाळा मराठी.

पाचवीत एक धडा होता, आदिवासी जीवनावर. सरांनी फळ्याशेजारी चित्रांचा तक्ता लावला आणि मला पुढे बोलावलं. तक्त्याच्या बाजूला उभं केलं. लाकडी पट्टीने आधी चित्रातल्या बाईचं नाक दाखवलं, मग माझं. चित्रातले केस, मग माझे. "नीट बघून घ्या, परीक्षेला येतं," सर म्हणाले. चाळीस पोरं बघत होती. काहींनी वहीत लिहूनही घेतलं.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले नाही. ठरवलं, दिसायचंच नाही. मराठी इतकं घासलं की सातवीत वक्तृत्वात पहिली आले. आयोला शाळेत येऊ दिलं नाही. डब्यात लाल मुंग्यांची चटणी असली की तो डबा नाल्यात रिकामा केला. बाबा ठेकेदारांना, सावकारांना, आमच्यात नसलेल्या आणि आम्हाला लुबाडणाऱ्या माणसांना दिकू म्हणायचे. हा शब्द स्वतःच्या लेकीसाठी कधी लागेल असं त्यांना वाटलं नसणार.

बाबा गेले तेव्हा मी नागपुरात इंग्लंडच्या नर्सिंग परीक्षेच्या तयारीत होते. आमच्यात चितेतली हाडं राखून ठेवतात आणि दामोदर नदीत नेऊन सोडतात. त्याशिवाय माणूस पूर्वजांत पोचत नाही असं आयो मानते. आयो एकटी गेली. मडकं मांडीवर घेऊन, दोन गाड्या बदलून. मी परीक्षेला बसले. पास झाले. नंतर लग्नात मराठी आडनावही मिळालं. इथे कुणी विचारलं की मी चंद्रपूर सांगायचे, आणि पुढचं त्या आडनावावरून लोक स्वतःच धरून चालायचे. मला काहीच खोटं बोलावं लागलं नाही. अशी आयती सोय.

आणि मग आयो आली. सॉक्सवर चप्पल, माझा जुना जाड कोट, त्याखाली साडी.

फाल्गुन लागला तशी ती अस्वस्थ झाली. आमचा बाहा सण तेव्हा असतो. बाहा म्हणजे फूल. सालाचा पहिला मोहर देवाला वाहिल्याशिवाय आमच्या बायका नवीन फूल केसांत माळत नाहीत. आमच्या गल्लीत मॅग्नोलिया फुलला होता. इराने एक फूल आजीच्या अंबाड्यात खोचलं, तर आयोने ते हळूच काढून खिडकीत ठेवलं. अजून नाही, म्हणाली. मग मला विचारलं, इथल्या लोकांची देवराई कुठे आहे. आमच्या प्रत्येक गावाबाहेर असते, तिला जाहेर म्हणतात, तिथली झाडं कुणी तोडत नाही. मी म्हटलं, इथे तसलं काही नसतं.

तिने शोधलं. मागच्या पार्कमध्ये ओकची तीन जुनी झाडं होती, तिथे ती उभी राहिली. "साल नाही," म्हणाली, "पण झाडं आहेत." बुंध्यापाशी तांदूळ ठेवले, पाणी ओतलं, देवांची नावं घेतली. मी तिच्यापासून दहा पावलं लांब उभी होते. फोनवर बोलतेय असं दाखवत. वॉर्डमधलं कुणी कुत्रं फिरवायला आलं तर, म्हणून. फोन बंद होता.

त्या शनिवारी वहिनी आल्या होत्या त्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी. भारतदर्शन असं काहीतरी होतं. लावणी, भांगडा, गरबा. आणि शेवटी ट्रायबल डान्स, त्यात बायका आणि मुली. इराला घ्यायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी हो म्हणाले. नाचाचं नाव ऐकूनही हो म्हणाले.

शेवटची रिहर्सल रविवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये होती. नवरा कामावर, आयो घरी एकटी नको, म्हणून तिला सोबत नेलं. सगळ्यांचे कोट ठेवले होते त्या मागच्या खुर्च्यांपाशी ती बसली. कोट सांभाळायला कुणीतरी लागतंच, असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं.

गाणं लागलं. बायकांनी डोक्याला पिसं बांधली होती, कमरेला प्लॅस्टिकची पानं. हातात पुठ्ठ्याचे भाले. हू हू करत त्या गोल उड्या मारत होत्या. यातली एक गणिताची शिक्षिका, एक डेंटिस्ट. चांगल्या बायका. माझ्या बाळंतपणात त्यांनी घरी डबे पोचवले होते.

आयोने मला जवळ बोलावून विचारलं, हा कुणाचा नाच?

मी सांगितलं. "आपला."

तिने पुन्हा नीट बघितलं, काही चुकलंय का तपासल्यासारखं. "मग एकमेकींचे हात का नाही धरले?"

आमच्या बायका नाचतात तेव्हा रांगेत असतात, बोटांत बोटं अडकवून, खांद्याला खांदा लावून. समोर मांदळ, आमचा ढोल, वाजत असतो. पाऊल एकच पडतं. उड्या नाहीत. आरडाओरडा नाही. लहानपणी त्या रांगेत आयोच्या आणि आत्याच्या मधे मी होते. हे मला आठवलं, आणि किती वर्षांनी आठवलं त्याची लाज वाटली.

तेवढ्यात रंग आला. तपकिरी रंगाचा डबा आणि स्पंज. कार्यक्रमात कसं दिसेल ते बघायचं होतं. वहिनी एकेका मुलीच्या तोंडाला, हातांना तो फासत होत्या. इराची पाळी आली. वहिनींनी तिची हनुवटी वर केली, स्पंज पुढे नेला आणि थांबल्या.

"हिला नको. ही रेडीमेड आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हे मला लिहायलाच हवं. मी हसले.

इराने आपला हात उलटासुलटा करून बघितला. मग माझ्याकडे आली.

"मम्मा, मी रेडीमेड का आहे?"

चाळीस पोरं, लाकडी पट्टी. सगळं एकदम अंगावर आलं. मी तिच्या डोक्यावरची पिसांची पट्टी काढली. टेबलावर ठेवली.

"इरा नाचणार नाही," मी म्हणाले. "कुणीच हे नाचू नये. हा आमचा नाच नाही. मी संताळ आहे. आदिवासी. आणि मागे कोटांपाशी बसलीये ती बाई नाही. ती माझी आई आहे."

गाणं चालूच होतं. कुणीतरी ते बंद केलं.

वहिनींचा चेहरा आधी पडला, मग उजळला. खरंच उजळला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं? किती ऑथेंटिक करता आलं असतं. आई शिकवतील का आम्हाला?"

तोवर आयो उठली होती. मांडीवरचे कोट तिने खुर्चीवर ठेवले आणि हॉलच्या मधे आली.

"मले मराठी समजते," ती वहिनींना म्हणाली. "त्या दिवशीबी समजत होतं."

एवढंच. मग तिने इराचा हात धरला आणि दाराकडे चालायला लागली.

बसमध्ये इरा खिडकीशी झोपली. आयो म्हणाली, "त्या बाईला तू सांगितलंस. मला अजून काही सांगितलं नाहीस."

मला माफी मागायची होती. पण माझी संताळी लहानपणीच थांबलेली. भूक, पाणी, झोप, ये, जा, एवढे शब्द हाताशी. हे म्हणायला त्यातला एकही पुरेना. शेवटी मी मराठीत म्हटलं, माफ कर.

"मराठीत नको," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

कार्यक्रम झाला. नाचही झाला, फक्त नाव बदलून लोकनृत्य केलं. रंग तोच. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर, असा एक मेसेज ग्रुपवर आला. वहिनींनी फोन केला. तू आमच्यातलीच वाटायचीस गं, म्हणाल्या. मी म्हटलं, तसं वाटावं म्हणून पंचवीस वर्षं राबलेय. त्यांना ते कौतुकासारखं वाटलं असावं. नवरा म्हणाला, जरा जास्त झालं, नाही का. त्यानंतर आठ दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

जूनमध्ये आयो परत गेली. एअरपोर्टवर तिने इराला जवळ घेतलं, नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझा हात धरला, सोडला. क्षमा केली की नाही, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. ते विचारण्याचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही.

ही धाडसाची गोष्ट म्हणून कुणी वाचू नये. मी उशिरा बोलले, आणि माझ्या मुलीला लागलं तेव्हा बोलले. आईला लागलं तेव्हा मी चहा केला होता.

मी आता मंडळ सोडेन, असं सगळ्यांनी धरलं आहे. मी सोडणार नाही. प्रत्येक सणाला जाईन. पुढच्या रांगेत बसेन, इराला शेजारी घेऊन. माझ्या माणसांना कुणी पिसं लावून उड्या मारायला लावलं तर उठून उभी राहीन. गाणं बंद करायला सांगेन. लोकांचा विरस होईल. एवढ्या छान दिवशी कशाला, असं म्हणतील. त्यांना वाईट वाटेल.

वाटू दे.