एलिफनं विचारलं होतं

मिरज स्टेशनवर मला सोडायला तू, आई आणि दादा आला होतात, सुमन. लग्नाला अकरा दिवस झाले होते. दादांनी खिडकीच्या गजाला धरून सांगितलं होतं, "कुणी बोलत असलं की हुंकार देत जा. नाहीतर समोरच्याला वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय." परमुलखात निघालेल्या मुलीला बाप हे काय सांगतोय, असं तेव्हा वाटलं. गाडी हलली, आईनं पदर तोंडाला लावला, आणि मी दिल्लीची झाले.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये डाव्या हाताला बंगाली, उजवीकडे पंजाबी. हे सकाळी ऑफिसात जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मराठी बोलायला मिळायचं ते तुला पत्र लिहिताना. हळूहळू माझ्या तोंडात 'हं' च्या जागी 'हांजी' आणि 'अच्छा' बसलं. इतकं बसलं, की मिरजेला आले की तूच हसायचीस. पण खरं सांगते, त्या 'हांजी' मध्ये ऐकणं कमी असायचं. समोरची बाई बोलत राहायची, मी मान डोलवायचे, आणि मन कुकरकडे. चाळीस वर्षं हेच चाललं, कुणाचं काही अडलं नाही.

ह्यांच्या रिटायरमेंटनंतर आम्ही द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आलो. आमच्या निखिलच्या ऑफिसातली एलिफ त्याची बायको होऊन घरात आली, ती इझमिरची, म्हणजे तुर्कस्तानातली. मला 'आई' म्हणायची. तिची हिंदी तुटकी, माझं इंग्लिश त्याहून तुटकं. तरी चहाला आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसायचो.

तिला पाचवा महिना होता तेव्हाची गोष्ट. मी मेथी निवडत होते. ती हळू आवाजात सांगू लागली. पापा, हॉस्पिटल, हार्ट, एवढं मला कळलं. पुढं ती आणखी काही म्हणाली, नेमकी तेव्हा कुकरची शिट्टी झाली. मला वाईट वाटलं होतं. मी भुवया उंचावून, मान हलवून, आपण करतो तसं "च्, च्" केलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग "तमाम," म्हणाली. त्यांच्यात तमाम म्हणजे ठीक. कप धुतला आणि खोलीत गेली.

निखिलनं नंतर वडिलांकडे जाण्याचं विचारलं तर ती म्हणाली, बाळ झाल्यावर जाईन. त्यानं ते खरं मानलं. मीही मनात म्हटलं, शहाणी मुलगी आहे.

तिला आठवा महिना लागला आणि तिचे वडील गेले. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही सांगितलं. तिकडे त्यांना दफन केलं, ते तिनं आमच्या सोफ्यावर बसून मोबाइलवर पाहिलं. मी तिच्याशेजारी होते. दादा गेले तेव्हा मीही अशीच बसले होते, आठवतं? शेजारच्या फोनवर तुझा ट्रंककॉल आला, हे टूरवर, गाडी दुसऱ्या दिवशीची. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा, नेर्मिनबाईंचा, व्हिडिओ कॉल आला. त्यांनी मला बघितलं आणि रडत काही सांगू लागल्या. मला दुसरं काय येणार? मी "च्, च्" केलं. त्या बोलायच्या थांबल्या. एलिफनं माझा हात धरला.

"आई, ये मत करो. हमारे यहाँ इसका मतलब 'ना' होता है."

कॉल संपला. तिनं मोबाइल उलटा ठेवला. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "उस दिन आपने ना बोला था ना? मैंने पूछा था, मैं जाऊँ क्या."

मला सुरुवातीला समजलंच नाही. मग समजलं. मी तिला सांगितलं की मी नाही म्हटलं नव्हतं, मला तर तिचा प्रश्न ऐकूच आला नव्हता. आमच्यात 'च्, च्' म्हणजे अरेरे.

"दोबारा क्यों नहीं पूछा, बेटा?"

"आप बड़ी हो," ती म्हणाली.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी ह्यांना सांगितलं, निखिलला सांगितलं. दोघंही म्हणाले, तुझा काय दोष, गैरसमज झाला. पण गैरसमज शिट्टीनं नव्हता झाला, सुमन. मी अर्धवट ऐकलं होतं. एक "क्या बोली?" एवढंच विचारायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्याकडे गेले आणि म्हटलं, तुझी आई बोलेल तेव्हा मी काय म्हणायचं ते शिकव. तिनं वही माझ्यापुढं उघडून ठेवली आणि सांगू लागली. 'एवेत' म्हणजे हो. 'ओइले मी?' म्हणजे अस्सं का? 'आन्लियोरुम', मला समजतंय. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला 'बाशिनिझ साअ ओल्सुन'. ते देवनागरीत लिहितानाच मला तीन वेळा खोडावं लागलं.

नात झाली आणि नेर्मिनबाई आल्या. विहीणबाई म्हणून, रीत बाजूला ठेवून, मी ओटी भरली, त्यांनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. बाळ झोपलं की आम्ही दोघी बाल्कनीत बसायचो. त्या तुर्कीत बोलायच्या, तासतासभर. मला शब्द कळायचे नाहीत. मध्येमध्ये नवऱ्याचं नाव यायचं, नेजात, आणि तेव्हा आवाज उतरायचा. मी हातातलं काम खाली ठेवायचे. त्यांच्या तोंडाकडे बघून, जिथं हवं तिथं, 'एवेत' म्हणायचे. सारखं नाही. पहिल्या दिवशी सारखं म्हटलं तर त्यांना हसू आलं होतं.

आठवडाभरानं मी एलिफला बोलावलं आणि म्हटलं, कुकरच्या दिवशीचं सगळं तुझ्या आईला सांग, माझ्या वतीनं. तिला सांगायचं नव्हतं. मी हटले नाही. ती सांगत असताना मी विहीणबाईंकडे बघू शकले नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आन्लियोरुम." त्यात माफी होती की नाही, मला आजही माहीत नाही. विचारलं नाही. संध्याकाळी चहाला मात्र त्या नेहमीसारख्या शेजारी येऊन बसल्या.

तू फोनवर विचारतेस, आता मिरजेला कायमची येतेस का. दादा-आई नाहीत, घर दुसऱ्यांचं झालंय, पण तू आहेस. येईनही. मुलूख सोडून गेलेल्या आपल्या सगळ्या बायकांना हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. पूर्वी मी लगेच म्हणायचे, माझं घर मिरज, दिल्लीत नुसता मुक्काम. आता तसं म्हणवत नाही.

मागच्या आठवड्यात एलिफ बाळाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. "आई, मुझे घर जाना है. पापा की कब्र देखनी है." घर म्हणजे इझमिर. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी गॅस बंद केला, तिच्याकडे वळले आणि मराठीतच म्हटलं, "ये जाऊन."

तिला त्यातलं 'ये' कळलं. तिनं विचारलं, जाणाऱ्याला तुम्ही 'ये' का म्हणता. मग मी बसून तिला सांगितलं.