उशाखालचा कोयता

मार्गशीर्ष, सन १९२८. परसात उकड्या तांदळासाठी भात वाफवत होते, तेवढ्यात कुंपणाबाहेर बैलगाडी थांबली.

पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारे साहेब आले होते. आमच्या परसात पूर्वीच्या मोजणीदारांनी पुरलेला खुणेचा दगड होता; आम्ही त्यावर चिंचा फोडायचो. त्याच जागी पुन्हा मोजायचं आणि मधल्या वर्षांत चुंबकाची सुई किती सरकली ते नकाशावर मांडायचं, हे त्यांचं काम. साहेब घाटावरचे, तरुण, बोलायला नम्र. त्यांनी एकच मागितलं: घरातलं लोखंड दूर न्या, नाहीतर सुई भलतीकडे ओढली जाईल.

विळी, तवा, कुदळ, किल्ल्या टोपलीत घालून शेजारी ठेवून आले. राहिला एक कोयता. तो धाकट्या जावेच्या उशाखाली होता. तिला बाळंत होऊन आठवडा झाला होता आणि तिची आधीची दोन्ही मुलं बारशाआधीच गेली होती. तान्ह्या बाळाजवळ लोखंड असलं की त्याला काही बाधत नाही, अशी आमच्याकडची रीत. तिची खोली म्हणजे नारळाच्या झापांनी बंद केलेली मागची पडवी, दगडाला जवळजवळ लागूनच.

"आजी, सकाळपुरताच प्रश्न आहे," साहेब सासूबाईंना म्हणाले.

"तुमची सुई हलते तर हलू दे. माझ्या नातवाचा कोयता हलायचा नाय."

"मग हा दगड मला सोडून द्यावा लागेल. मागची मोजणी फुकट जाईल."

"द्या की सोडून. चिंचा फोडायला आम्हांला लागतोच."

जाऊ कोयत्याच्या मुठीवर हात ठेवून बसून राहिली. इकडे माझ्या हंड्यातलं पाणी आटत होतं.

मी म्हटलं, "कोयता बाळापासून काढायचा नाही ना? मग बाळालाच कोयत्यासकट बागेतल्या मांगरात नेऊ." मांगर म्हणजे बागेच्या टोकाचं राखणीचं खोपट.

"बाळंतीण दहा दिवस उंबरा ओलांडत नाय गो," सासूबाई म्हणाल्या.

"उंबऱ्यावरून नेतंय कोण? मागची झापं सोडते."

सासूबाईंनी झापांकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "ही वकिलाच्या घरात पडायला हवी होती." म्हणजे हो.

झापं सुंभानं बांधलेली होती, ती सुटली. जाऊ बाळाला घेऊन त्या झापांच्या कुडातून बाहेर पडली. मी कोयता बाळाच्या उशाशी धरून शेजारून चालले. मांगरात बाळ सगळा वेळ झोपलं. जाऊ मात्र त्याच्या छातीवरून नजर काढेना. दुपारी साहेबांनी निरोप पाठवला, की सुई स्थिर राहिली, मोजणी झाली. आलो तसेच कुडातून आत गेलो. बाळ उठून प्यायला लागलं, तेव्हा जाऊ त्या दिवसात पहिल्यांदा जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झापं नीट बांधायला बसले. लोखंडाची टोपली अजून शेजारीच होती, सुंभ तोडायला हाताशी काही नव्हतं. जावेनं ते पाहिलं. उशाखाली हात घालून तिनं कोयता माझ्यापुढे धरला.

"लगेच द्या हां, वहिनी."

सुंभ तोडला, गाठी मारल्या, कोयता तिच्या हातात परत दिला आणि भात वाळत घालायला गेले.