देवासमोरचा पास

परवा नातू धारवाडहून आला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, "आज्जी, पास झालो!" तो शब्द ऐकला की अजून मला जंगलखात्याचा नाका आठवतो. आम्हाला इंग्रजीतला तेवढाच शब्द ठाऊक होता. गुरं रानात चारायला पास, लाकूड आणायला पास, आणि नाक्यावरून गाडी सुटली तरी ती 'पास झाली' म्हणायचं. माझ्या लग्नाच्या वर्षी छपरासाठी बांबू तोडायचा पास मिळाला. आमच्यात घरात आलेली नवी वस्तू आधी देवासमोर ठेवतात, म्हणून मी तो कागद कुंकू लावून ठेवला आणि तो तिथंच राहिला. बांबू भरून आम्ही दोघं परतताना नाक्यावर गार्डनं हात पुढे केला, तेव्हा ह्यांनी सगळं मुंडासं चाचपलं. "पास न्हाई तर गाडी-बैल जप्त," गार्ड म्हणाला. पेरणी तोंडावर होती. "देवाम्होरं हाय, आणते," म्हणत मी पायवाटेनं धावत सुटले. परत आले तेव्हा बैल गाडीपासून सोडून खांबाला बांधलेले होते. गार्डनं कागद उलगडला, तर शिक्क्यावर तेलातलं कुंकू पसरलेलं. त्यानं अंगठ्यानं पुसलं, उजेडात धरलं, पुन्हा पुसलं. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी शिक्क्याची एक कड दिसली. लाल झालेला अंगठा त्यानं खाकी विजारीला पुसला नाही, कपाळाला टेकवला आणि म्हणाला, "जुंपा बैल." आता नातू निकालाचा कागद घेऊन देवाकडे निघाला, तेव्हा मी म्हटलं, "ठेव बाबा, पण कुंकू लावू नगं."