प्रार्थना करते हं!

मावशींचं बायकांचे केस कापायचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. दोन खुर्च्या, पारा उडालेला आरसा आणि मावशींची जीभ, एवढ्या भांडवलावर ते बरं चाललं होतं. खुर्चीत बसलं की बायकांना, का कोण जाणे, मन मोकळं करावंसं वाटे. कुणाची सासू, कुणाचा गुडघा, कुणाचं न जमणारं लग्न. मावशी सगळं ऐकत आणि मानेवरचे केस झटकता झटकता म्हणत, "प्रार्थना करते हं मी तुमच्यासाठी!"

म्हणत अगदी मनापासून. पण पुढचं गिऱ्हाईक बसलं, की आधीचा गुडघा केसांबरोबर केरात जाई.

यजमान एकदा म्हणाले, "अगं, कबूल केलेल्या सगळ्या प्रार्थना करायला बसलीस, तर आपण उपाशी मरू."

"देवाला कळतो माझा भाव," मावशी म्हणाल्या. विषय संपला. चर्चच्या मंडळीत त्यांना मोठा मान होता. विश्वासात मुरलेली बाई म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवत.

मग एक दिवस शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. मुलं त्यांना टरकून असत, पण खुर्चीत बसल्या आणि रडायलाच लागल्या. शुक्रवारी सकाळी धाकट्या भावाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"प्रार्थना कराल ना, मावशी?"

"हे काय विचारणं झालं, बाई? शुक्रवारी सकाळी मी गुडघ्यावरच असेन!"

शुक्रवारी सकाळी मावशी बहिणीबरोबर पडद्यांचं कापड निवडत होत्या.

पुढच्या खेपेला बाई आल्या त्या हसतच. "भाऊ सुखरूप आहे. आत नेताना नुसता थरथरत होता हो! मी म्हटलं, या घडीला एक बाई तुझ्यासाठी गुडघे टेकून बसलीय. तेव्हा कुठे त्यानं माझा हात सोडला."

मावशींची कात्री हवेतच राहिली. भाऊ बरा झाला होता. गप्प बसलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण ज्या भरवशावर त्यानं हात सोडला तो भरवसाच पोकळ होता, हे काही त्यांना गिळवेना.

"बाई, मी विसरले," त्या म्हणाल्या. "पडदे घ्यायला गेले होते."

कबुली द्यायची तर वेळ तरी बघावी! बाईंचे एका बाजूचे केस कानापर्यंत, दुसऱ्या बाजूचे खांद्यावर. उठून जायचीही सोय नव्हती. त्यांनी आरशातूनच विचारलं,

"कोणत्या रंगाचे पडदे?"

"निळे. माफ करा मला."

"आधी दुसरी बाजू कापा," बाई कोरडेपणानं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जिना चढायला अजून घाबरतो तो. त्याचं काय ते मागा देवाकडे. पण आत्ता. घरी जाऊन नको."

मावशींनी कात्री ठेवली, डोळे मिटले. एवढी चुरूचुरू चालणारी जीभ, पण त्या दिवशी चाचरली. जेमतेम दोन वाक्यं निघाली.

तेव्हापासून मावशी 'करते हं' म्हणत नाहीत. तिथल्या तिथे करून मोकळ्या होतात. दुकानात खोळंबा होतो. डोक्याला रंग लावून बसलेल्या बायका चुळबुळतात. एकीचा तपकिरी रंग तेवढ्यात काळाकुट्ट झाला. परवा पाळकसाहेबांनी विचारलं, "चर्चच्या सहलीचं सगळं बघाल ना, मावशी?"

"सगळं नाही जमायचं. चहाचं बघेन."

पाळकसाहेब जरा हिरमुसले. पण चहा वेळेवर आला आणि गरम आला.