चोविसावा फॉर्म

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हा तिला एवढंच माहीत होतं, की कॉलेज मी गुडघ्यांमुळे सोडलं. गुडघे ठीक होते.

अमरावतीचं विशेष शिक्षणाचं कॉलेज. अध्यक्षांची केबिन. एम.एड.च्या विद्यार्थ्यांनी कोर्सबद्दल भरलेले अभिप्रायाचे फॉर्म टेबलावर. मी उभा. खुर्ची रिकामी होती, पण बसा कुणी म्हणालं नाही. फॉर्मवर नाव लिहायचं नाही, असा नियम. तेवीस फॉर्म निळ्या शाईतले. चोविसावा म्हणजे जाड कागद, त्यावर ब्रेलचे ठिपके. वर्गात अंध एकच. नाव न लिहूनही तिचं नाव सगळ्यांना कळलं होतं.

अध्यक्षांनी तो कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

"मास्तर, वाचा. तुमच्या त्या आंधळीनं काय टोचून ठेवलं ते सांगा. तुमाले याच्यासाठीच त ठेवलं."

शेजारी त्यांची सून बसली होती. हा कोर्स तीच शिकवायची. ती हसली.

मी अंधशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीनंतर इथे तासिका तत्त्वावर ब्रेल शिकवायचो. कानशिलं तापली. कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला.

रईसानं लिहिलं होतं: "मॅडम फळ्याकडे बोट करून 'हे पाहा' म्हणतात. मला दिसत नाही. विचारलं तर म्हणतात, नंतर सांगते. नंतर कधी येत नाही. एका तासाला सगळ्यांनी डोळ्यांना रुमाल बांधून माझ्यासारखं चालून दाखवलं. सगळे हसले. मॅडमही हसल्या. माझ्यासारख्या मुलांना कसं शिकवायचं ते इथे शिकवतात. मला कसं शिकवायचं ते कुणी मला विचारलं नाही."

रईसा अकोल्याची. सहा वर्षांची असताना अंधशाळेत आली, तेव्हा तिचं बोट धरून पहिला ठिपका मीच दाखवला होता.

"काय म्हनते?"

मी म्हणालो, "कोर्स चांगला आहे म्हणते. मॅडम आईच्या मायेनं शिकवतात."

पोटाचा प्रश्न नव्हता. पेन्शन होती. दर्यापूरकडच्या खेड्यातून आलो होतो, कॉलेजात कुणी 'सर' म्हणावं एवढीच हाव होती.

"बसा, सर," अध्यक्ष म्हणाले.

मी बसलो.

महिनाभरानं तपासणीला विद्यापीठाची समिती आली. हॉल भरला. अध्यक्षांनी मला मंचावर बोलावलं, तोच कागद हातात दिला आणि रईसाला उभं केलं. अंध मुलगीही आमच्यावर किती खूश, हे पाहुण्यांना दाखवायचं होतं. मी वाचलं. आईच्या मायेनं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तरी रईसा बसली नाही.

"सर, मी असं नाई लिहिलं. पुन्हा वाचा."

समिती विशेष शिक्षणाची, पण तिच्यात एकालाही ब्रेल येत नव्हतं. वर्गातल्या बाकीच्यांना मी परीक्षेपुरती अक्षरं शिकवली होती. तो कागद वाचू शकणारे आम्ही दोघंच, आणि कागद माझ्या हातात.

मी पुन्हा वाचलं. तेच. वर म्हणालो, "पोरगी घाबरली आहे."

लोक हसले. ती बसली.

कागद मी खिशात घातला. जिन्यात ती थांबली होती. माझ्या चपलांचा आवाज तिला लहानपणापासून ओळखीचा.

"सर, लिपी तुमीच शिकवली. वाचणारे पन तुमीच. मंग मी लिहू कोनासाठी?"

मी तिला ओलांडून खाली उतरलो.

पुढच्या सत्राला अध्यक्षांनी पुन्हा बोलावलं. नवा वर्ग, नवा ब्रेलचा कागद. या वेळी खुर्ची त्यांनीच पुढे केली. मी उभाच राहिलो.

"वाचीन त जे लिहिलं तेच वाचीन."

त्यांनी कागद ओढून घेतला. "मंग घरीच वाचत बसा, मास्तर."

मी बाहेर पडलो. याला कुणी बंड म्हणेल. मी म्हणत नाही. बंड करायचा दिवस होता त्या दिवशी मी मंचावर होतो.

रईसा आता अकोल्यात एका शाळेत शिकवते. मागच्या हिवाळ्यात ब्रेलच्या पाटीवर कागद लावून माफी टोचली आणि एसटीनं गेलो. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात एकटीच उभी होती. मी चार हातांवर. चपला नव्या होत्या.

"कोन हाय?"

मी पाऊल हलवलं नाही.

"कोनी तरी हाय ना?"

श्वास धरून उभा राहिलो आणि आल्या पावली परतलो. तिला दिसत नाही, याचा फायदा मी दुसऱ्यांदा घेतला.

तिसऱ्यांदा घेणार नाही. तिचा कागद पुस्तकांखाली दबून ठिपके बसले आहेत, बोटाला लागत नाहीत. पण मला तो पाठ आहे. तपासणीच्या अहवालात छापलेला तिचा अभिप्राय खोटा आहे, तो मी रचला, असं विद्यापीठाला सही करून कळवलं आहे. सोमवारी पुन्हा अकोल्याला जाणार. तिच्या शाळेत, तिच्या सोबतच्या शिक्षकांसमोर, आधी माझं नाव सांगणार. तिनं होकार दिला तर तिनं लिहिलेलं मोठ्यानं म्हणून दाखवणार. खोटं चारचौघांत बोललो, खरंही चारचौघांतच बोलायचं. जा म्हणाली तर जाईन, पण नाव सांगून जाईन.

माफीचा कागद अजून पिशवीत आहे. त्यावर एवढंच आहे:

"रईसा, तू काय लिहिलं होतंस ते मी पहिल्याच वेळी नीट वाचलं होतं. तू घाबरली नव्हतीस. घाबरलो मी होतो."